टक्के काढण्याआधी छेद तपासा: आरोग्याच्या आकडेवारीत या चुका टाळा

गेली वीसेक वर्षं मी तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या आढावा बैठकांना बसतो आहे. अधिकारी बदलले, पोर्टलं बदलली, चुका मात्र त्याच राहिल्या. नवा कार्यक्रम व्यवस्थापक रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचा तक्ता तयार करतो. हा आकडा कशाला कशाने भागून आला, असं विचारलं की उत्तर येतं, ‘पोर्टलवर तसंच दिसतंय, सर.’ या उत्तराचा मला राग येतो, कारण लस, गाडी आणि माणसं कुठे पाठवायची ते त्याच रंगांवरून ठरतं.

सगळ्यात महाग पडते ती छेदाची चूक. एका प्राथमिक आरोग्य केंद्राचं पेंटाव्हॅलंटच्या (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या) पहिल्या डोसाचं साध्य 112 टक्के आलं. बैठकीत कौतुक झालं. इथे एकही बाळ सुटलेलं नाही असं गृहीत धरून तिथलं फिरतं लसीकरण सत्र दुसरीकडे हलवलं. त्याच हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गोवर निघाला.

नंतर आम्ही रजिस्टरं उघडून बसलो. उद्दिष्ट, म्हणजे आपला छेद, काढलं होतं 2011 च्या जनगणनेवर वाढीचा दर लावून; प्रत्यक्ष बाळं मोजून नाही. दुसरं कारण आपल्या घरातलंच होतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळाचा दीड महिन्याचा डोस माहेरच्या केंद्रात पडतो, पण ते बाळ तिथल्या उद्दिष्टात नसतं. म्हणून माहेरचं केंद्र शंभरी ओलांडतं आणि सासरचं केंद्र मागे पडलेलं दिसतं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या डोसापर्यंत आई-बाळ सासरी परतलेले असतात, मग माहेरच्या केंद्रावर ‘गळती’चा शेरा बसतो. बाळाला दोन्ही डोस मिळालेले असतात, फक्त दोन ठिकाणी. आणि बीडकडून आलेल्या टोळ्यांची मुलं ना इथल्या छेदात होती, ना अंशात. 112 टक्क्यांच्या आड ती कुणालाच दिसली नाहीत.

तेव्हापासून भागाकार करण्याआधी मी अंश आणि छेद दोन्ही पूर्ण वाक्यात वहीत लिहितो: कोण, कुठे राहणारे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. वाक्य पुरं होत नसेल तर टक्का देत नाही. शंभराच्या वरचा आकडा आला की आधी आशाताईंची घरनिहाय यादी मागवतो. हंगाम सुरू झाला की मुकादमाकडून टोळीतल्या मुलांची नावं घेतो. या कामात एक दिवस जातो. घाई असलेल्यांना तो दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, मला नाही वाटत.

दुसरी चूक मला जास्त छळते: रुग्ण वाढले म्हणजे रोग वाढला, असं मानणं. एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने घरोघर फिरून खोकल्याचे रुग्ण शोधले, थुंकीचे नमुने तपासायला पाठवले. क्षयरोगाची नोंद आदल्या वर्षीपेक्षा बरीच वाढली. शाबासकीऐवजी त्याला खुलासा मागितला गेला. पुढच्या वर्षी त्याचा आकडा गुपचूप खाली आला आणि बैठकीत सगळ्यांना हायसं वाटलं. रोग गावातच होता, शोधणं थांबलं होतं. म्हणून रुग्णसंख्येच्या शेजारच्या रकान्यात तपासण्या किती झाल्या आणि त्यांतल्या किती पॉझिटिव्ह आल्या, हे असल्याशिवाय मी चढ-उतारावर बोलत नाही. नोंद वाढली म्हणून नोटीस काढणाऱ्यांनी रुग्ण लपवण्याची सवय लावली आहे, हे माझं स्पष्ट मत आहे.

लहान आकड्यांवर दर काढू नका. 30,000 लोकसंख्येच्या केंद्रात वर्षाला साधारण 450 जन्म धरा. तिथे एक मातामृत्यू झाला की दर लाख जिवंत जन्मांमागे 222 येतो, आणि महाराष्ट्राचा दर 2018–20 मध्ये 33 होता. एवढ्यावरून ते केंद्र राज्यात वाईट ठरत नाही, आणि पुढच्या वर्षी शून्य आला म्हणून सुधारलंही नाही. तिथे दर बाजूला ठेवा आणि तो एक मृत्यू मुळापासून समजून घ्या: बाई घरून कधी निघाली, गाडी कधी आली, रक्त कुठे मिळालं.

तपासणी शिबिरांचंही असंच. शंभरात एकाला असलेला आजार 10,000 लोकांत शोधायचा आहे. चाचणी शंभरातले 90 रुग्ण पकडते आणि निरोगी माणसाला 95 टक्के वेळा निरोगीच सांगते. तरी 585 जण पॉझिटिव्ह येतील आणि त्यांत खरे रुग्ण 90 असतील. उरलेल्या 495 जणांची पुढची तपासणी कुठे करायची, ते ठरवल्याशिवाय मंडप घालू नका.

कोकणातल्या गावाचा ढोबळ (वय न पाहता काढलेला) मृत्युदर शहराशी ताडून पाहू नका. तरुण मुंबईला गेलेत, मागे म्हातारी माणसं आहेत. जिल्हा रुग्णालयात मृत्यू जास्त होतात, कारण गंभीर रुग्ण तिथेच पाठवले जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा जिल्ह्याचा आकडा तालुक्याला चिकटवू नका.

राहिली दुसरीकडचा पुरावा उचलण्याची चूक. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली आणि नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. तिथे गावातल्याच बाईला कसून प्रशिक्षण होतं, उपचार करण्याची मुभा होती आणि तिच्या कामावर नियमित देखरेख होती. आपण त्यातून भेटींची संख्या तेवढी उचलतो. आशाताईच्या सहा भेटींच्या रकान्यांत टिकमार्क असतात आणि पिशवीतला वजनकाटा बंद असतो. मी उपकेंद्रात गेलो की रजिस्टर नंतर बघतो, आधी पिशवी उघडून काटा आणि थर्मामीटर चालतात का ते पाहतो.