बेटावरची घरटी बघायला जाताय? या चुका टाळा

पुण्याहून शनिवारी पहाटे निघून उजनी धरणाच्या पाण्यात नदी सुरय हा पक्षी कॅमेऱ्यात टिपणारे पुढे वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवरच्या पक्ष्यांची स्वप्नं बघतात. जरूर बघावीत. पण चुका दोन्हीकडे त्याच होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘पाचच मिनिटं उतरू’. सुरय घरटं बांधत नाही. वाळूत किंवा खडीत उथळ खळगा करून अंडी घालतो. एप्रिलच्या उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो बहुतेक वेळ सावली धरायला. पोटाची पिसं भिजवून आणतो, तीही अंडी गार ठेवायला. आपण उतरलो की तो उडतो, अंडी भाजतात, नाहीतर कावळे साधतात. डोक्यावर घिरट्या घालून ओरडणारा पक्षी दिसला की ‘काय फ्रेम मिळाली!’ म्हणू नका, नाव मागे घ्यायला सांगा. आणि बेटावर उतरवलं म्हणून नावाड्याला जास्तीचे पैसे देऊ नका. ही सवय आपणच लावतो. वन्यजीव कायद्यात संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हीसुद्धा ‘शिकार’च आहे.

अंड्यांजवळ कुणी दिसत नाही म्हणून ती ‘टाकून दिलेली’ ठरत नाहीत. उचलू नका.

‘बेट राखीव जाहीर झालं, आता चिंता नाही’ हाही भ्रमच. पाणी ओसरलं की उजनीतलं बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत येतात. असं दिसलं तर लगेच वनविभागाला 1926 वर कळवा. समुद्री बेटांवर उंदीर येतात ते होड्यांतून. ब्रिटनच्या लंडी बेटावर उंदीर होते तेव्हा, 2001 मध्ये, मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या जेमतेम 300 जोड्या होत्या. उंदीर हटवल्यावर 2018 पर्यंत त्या 5,500 च्या घरात गेल्या. म्हणून पोती-खोकी काठावरच झटकून घ्या.

नुसता खडक राखूनही भागत नाही, पक्षी जेवतात समुद्रात. लक्षद्वीपच्या इवल्याशा पिट्टी बेटाभोवतीचा समुद्रही 2020 मध्ये संवर्धन राखीव (संरक्षित क्षेत्र) झाला, तो यासाठीच.

फोटोसोबत लोकेशन तर नकोच. वेंगुर्ला रॉक्सच्या गुहांतली पाकोळी पक्ष्यांची लाळेची घरटी चोरांनी विकायला नेलेली आहेत. फोटो टाकायचेच तर हंगाम संपल्यावर, बेटाचं नाव न देता टाका.