जुन्या अमेरिकेत शोधताना त्या काळचा शब्द टाका

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. तरी अनेकजण ‘फर्स्ट वर्ल्ड वॉर’ टाकून 1917 सालची बातमी शोधतात आणि हात हलवत परत येतात. साहजिकच आहे, दुसरं युद्ध व्हायचं होतं, मग पहिल्याला ‘पहिलं’ कोण म्हणणार? तेव्हाच्या मथळ्यांत ‘युरोपियन वॉर’ किंवा ‘ग्रेट वॉर’ असायचं. तेच टाका आणि वर्षाची मर्यादा घाला.

दुसरी गंमत अक्षरांची. अठराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या मधला ‘एस’ लांबुळका, जवळजवळ ‘एफ’सारखा असे. पान वाचणारं सॉफ्टवेअर तिथे हमखास फसतं आणि ‘काँग्रेस’चं ‘काँग्रेफ्स’ करून ठेवतं. म्हणून त्या काळासाठी ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालूनही एकदा शोधून बघा. विचित्र वाटेल, पण उपयोग होतो.

नावांचंही तेच. डॉ. आनंदीबाई जोशींनी 1886 मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी घेतली. तिकडे त्यांचं आडनाव शेवटी दोन ‘ई’ लावून लिहिलं जाई. आपल्या नेहमीच्या ‘आय’वाल्या स्पेलिंगवर अडून बसलात तर त्या सापडायच्या नाहीत.

आणि सापडलेला मजकूर थेट कॉपी करू नका. शेजारी मूळ पानाचं चित्र असतं, ते मोठं करून वाचा. कडेच्या जाहिरातीही सोडू नका, कधीकधी बातमीपेक्षा त्याच जास्त बोलतात.