मेटल डिटेक्टरचा छंद की वारशाची चोरी? ऑनलाइन माहितीवरून अभ्यास असा करा

2015 साली इंग्लंडमधल्या हेरफर्डशरच्या एका शेतात दोन डिटेक्टरवाल्यांना व्हायकिंग काळातला खजिना सापडला. साधारण 300 नाणी असावीत असा अंदाज आहे. सरकारदरबारी त्यांनी दाखवल्या त्या मोजक्या वस्तू, बाकीचं परस्पर विकायला काढलं. फोनमधून पुसून टाकलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले आणि भांडं फुटलं. 2019 मध्ये दोघं दोषी ठरले, पण खटल्यापर्यंत जेमतेम 31 नाणी हाती लागली होती.

तुमच्याआमच्या हाती असे फोन येत नाहीत. लोकांनी आपणहून जगासमोर ठेवलं तेवढंच आपल्याला दिसतं. अभ्यासाला बसताना हे पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सुरुवात कायद्यापासून करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं फुकट जातं. इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी असेल तर डिटेक्टर फिरवणं कायदेशीर आहे. मात्र 1979 च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकांच्या जागी वेगळी सरकारी परवानगी लागते. 1996 च्या कायद्याप्रमाणे, 300 वर्षांहून जुनी आणि किमान 10 टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू साधारणपणे ‘खजिना’ ठरते आणि 14 दिवसांत कळवावी लागते (सुटी नाणी वगळून, नाण्यांचे नियम निराळे). आयर्लंडमध्ये पुराणवस्तू शोधण्यासाठी विनापरवाना डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा. म्हणजे एकच व्हिडिओ एका देशात रविवारचा छंद, तर शेजारच्या देशात गुन्ह्याचा पुरावा. तेव्हा एक देश, एक काळ आणि एकच प्रश्न निवडा. ‘चोरी किती होते?’ हा प्रश्न घेऊ नका, त्यात बुडाल. ‘विक्रीच्या जाहिरातींत वस्तू कुठे सापडली हे किती वेळा सांगतात?’ हा प्रश्न पेलण्यासारखा आहे.

मग साधनं गोळा करा. इंग्लंड-वेल्समध्ये 1997 पासून चालणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या योजनेच्या खुल्या नोंदवहीत लोकांना सापडलेल्या 15 लाखांहून अधिक वस्तू आहेत. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्येही अशा नोंदवह्या आहेत. पण वस्तू आणून दाखवणाऱ्या प्रामाणिक माणसांचंच हे दप्तर. रात्री लपूनछपून खणणाऱ्यांना इंग्रजीत नाइटहॉक म्हणतात, ते इथे कशाला येतील? त्यांच्या खुणा सापडल्याच तर विक्रीच्या जाहिरातींत, उघड्या व्हिडिओंत आणि सार्वजनिक गटांतल्या फोटोंत सापडतील. बंद गटात खोट्या नावानं शिरू नका.

आता तक्ता. साधी स्प्रेडशीट पुरते. एका वस्तूला एक ओळ द्या, त्यात तारीख, लिंक, वर्णन जसंच्या तसं, सांगितलेली जागा, किंमत आणि फोटोतल्या खुणा असे रकाने करा. खात्याच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक टाका. पान दिसल्याबरोबर स्क्रीनशॉट घ्या, संध्याकाळवर ढकलू नका.

समजा एक जाहिरात समोर आहे. तळहातावर कांस्याची पिन, खाचेत ओलसर माती, नखांतही माती, आणि मजकूर काय, तर ‘जुन्या संग्रहातून’. जुन्या संग्रहातली वस्तू ओली कशी? तरीही हिला चोरीची म्हणू नका. विकणाऱ्याने फोटो काढण्याआधी ती नुसती धुतलीही असेल. तक्त्यात ‘वर्णन आणि फोटो जुळत नाहीत’ एवढंच लिहा. मग त्यातल्या 50 ओळी दुसऱ्या कुणाला तरी, तुमचं उत्तर न दाखवता, तपासायला द्या. जिथे तुम्हा दोघांचं जमणार नाही, तिथे तुमची व्याख्याच ढिली आहे असं समजा.

डिटेक्टर फिरवणारी माणसं मोजताना सगळ्यात जास्त फसगत होते. गटांच्या सदस्यसंख्यांची सरळ बेरीज करू नका. एकच माणूस चार गटांत असतो, कित्येकांनी डिटेक्टर कधीच माळ्यावर टाकलेला असतो, काही तर परदेशातून नुसते बघे. त्यापेक्षा प्राणी मोजणाऱ्यांची युक्ती वापरा: दोन याद्यांत किती नावं सामाईक आहेत, त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायचा. एका यादीत 200 सक्रिय नावं, दुसरीत 150, दोन्हींत 30. 200 गुणिले 150 भागिले 30, म्हणजे अंदाज 1000. मात्र उत्साही मंडळी दोन्हीकडे हमखास असतात, त्यामुळे सामाईक नावं फुगतात आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. एकच आकडा छापू नका, खालची-वरची मर्यादा द्या.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आणि इंग्लंडच्या संरक्षित स्मारकांच्या सीमाही मोफत उतरवून घेता येतात. पण खुल्या नोंदींतली जागा मुद्दाम ढोबळ ठेवलेली असते. एक किलोमीटरच्या चौकोनातला ठिपका सीमेच्या आत की बाहेर, हे सांगता येत नाही. ठिपक्यांची गर्दी दिसली म्हणून तिथे लूट जास्त असंही नाही. कदाचित तिथली माणसं नोंद करायला जास्त तत्पर असतील.

निष्कर्ष लिहिताना नावं, चेहरे आणि नेमक्या जागा गाळा. जागा छापणं म्हणजे पुढच्या चोराला पत्ता देणं. एखादी जाहिरात खरंच संशयास्पद वाटली, तर लिंक आणि स्क्रीनशॉट त्या देशाच्या पोलिसांकडे किंवा पुरातत्त्व खात्याकडे पाठवा. विक्रेत्याला ‘ही कुठे सापडली?’ असं सहज विचारून बघायचा मोह होतो. तो आवरा. विक्रेता सावध झाला की जाहिरात उतरते, आणि पिन कुठे गेली हे मग पोलिसांनाही शोधता येत नाही.