वारेच्या (प्लॅसेंटाच्या) इम्प्रिंटिंगवर काम करायचंय? आधी वार हाताळायला शिका

नाशिकच्या गंगापूर रोडला नेट परीक्षेची तयारी करणारी बरीच पोरं विचारतात, जिनोमिक इम्प्रिंटिंगमध्ये शिरायचंय तर आधी काय शिकू, पायथन की सीक्वेन्सिंग? माझं ऐकाल तर आधी लेबर रूममध्ये उभं राहायला शिका.

बहुतेक जीनच्या आईची आणि वडिलांची अशा दोन्ही कॉप्या चालतात, इम्प्रिंटेड जीनची एकच, म्हणजे वारेत आयजीएफ२ वडिलांचा चालतो आणि सीडीकेएन१सी आईचा. १९८४ मध्ये मॅकग्राथ-सोल्टर आणि सुरानींच्या ग्रुपने उंदरांवर दाखवलं की नुसत्या आईच्या जीनोमवर वार नीट वाढतच नाही आणि नुसत्या वडिलांच्या जीनोमवर वारेच्या पेशी वाढतात पण गर्भ मागे पडतो. माणसात हे बघायचं असेल तर ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टकडे कम्प्लीट मोलची, म्हणजे द्राक्षगर्भाची, पी५७ (सीडीकेएन१सीचंच प्रोटीन) स्टेन केलेली स्लाइड मागा. त्यात सगळा न्यूक्लियर डीएनए वडिलांचा, त्यामुळे विलायच्या (वारेतल्या बोटांसारख्या फांद्यांच्या) आतल्या पेशी कोऱ्या दिसतात आणि शेजारचीच आईची डेसिड्युआ, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर, तपकिरी रंगलेली. ही एक स्लाइड नीट बघितली की अर्धा विषय डोक्यात बसतो, खरंच.

आता सँपलिंग, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. वार ट्रेमध्ये आली की नाळेची चकचकीत बाजू बाळाची, खडबडीत बाजू आईची. आईकडचा थर काढून टाकायचा, आतला तुकडा घ्यायचा, तोही तीन-चार जागांहून कारण वार सगळीकडे सारखी नसते, मग सलाइनमध्ये रक्त जाईपर्यंत धुवायचा, विलाय बारीक झुपक्यांसारखे मोकळे होतात, आणि लगेच फ्रीज करायचा. एवढी काळजी कशाला, तर डेसिड्युआ राहिली की आईच्या पेशींचा आयजीएफ२ पण मोजला जातो आणि इम्प्रिंटिंग सुटलंय, म्हणजे दोन्ही कॉप्या चालतायत, असा खोटा रिझल्ट येतो, मग सॉफ्टवेअर कितीही भारी असो.

मुंबईत परळला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेत प्रजनन आरोग्यावरच काम चालतं, नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने सहज जाता येतं, त्यामुळे एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तिथे मेल टाकून बघाच. एथिक्स कमिटीची परवानगी आणि आईची लेखी संमती मात्र सँपलच्या आधी हातात हवी.

आणि आईवडील दोघांचंही रक्त किंवा लाळ त्याच दिवशी घ्या, संमती घेऊनच. कुठली कॉपी कोणाची हे त्यांच्या डीएनएवरूनच ठरवायचं असतं, आणि बाळाच्या दोन कॉप्या त्या जागी सारख्याच निघाल्या तर ते कुटुंब त्या जीनसाठी उपयोगाचं नाही, म्हणून सुरुवातीलाच जास्त कुटुंबं धरून चाला.