बातमी थांबवायला निघालात? आधी या चुका टाळा

संस्थेत काही विपरीत घडलं की पदाधिकारी सर्वात आधी फोन बंद करतात. नागपुरात संस्थांच्या प्रेसनोटा लिहिताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता चीड येते.

एका शाळेची बस कलंडली. मुलांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. पण व्यवस्थापनाने मुख्याध्यापिकांना गप्प बसवलं, चौकीदाराने गेटला कुलूप ठोकून कॅमेरामनला ढकललं. वर कोषाध्यक्षांनी एका दैनिकाच्या जाहिरात विभागात फोन लावला, 'तेवढी बातमी थांबवा.' तासाभरात ते साऱ्या बातमीदारांना कळलं. आतल्या पानावर चार ओळीत संपली असती ती बातमी पहिल्या पानावर गेली. फोटो बसचा नव्हे, कुलूपबंद गेटचा!

माझी सवय अशी: पहिल्या तासात चार वाक्यं द्यायची. काय घडलं, मुलं कशी आहेत, पालकांना कळवलं का, पुढची माहिती किती वाजता मिळेल. कारण माहीत नसेल तर अंदाज सांगायचा नाही. आणि दिलेली वेळ पाळायचीच.

दुसरी चूक, सगळं बोलून झाल्यावर 'हे ऑफ द रेकॉर्ड हं', म्हणजे छापू नका, असं म्हणणं. ते आधी ठरतं, आणि समोरच्याने हो म्हटलं तरच. नव्या पीआरवाल्यांना हे शिकायला सवड नसते. त्यांचा भर पोस्ट डिलीट करण्यावर. स्क्रीनशॉट तोवर निघालेले असतात.

प्रेसनोट लेटरहेडचा फोटो काढून पाठवू नका. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर दुपारीच पाठवा. हिवाळी अधिवेशनाच्या काळात पत्रपरिषद टाळा, बातमीदार विधानभवनात अडकलेले असतात.

लहान मुलावरील लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर मात्र घाई अक्षम्य. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 23 नुसार माध्यमांना मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा यातलं काहीच उघड करता येत नाही. अपवाद फक्त विशेष न्यायालयाच्या परवानगीचा. तरी वर्ग आणि तुकडी लिहिलेला खुलासा खुद्द शाळाच ग्रुपवर टाकते!

छापून आलेली बातमी चुकीची असेल तर बातमीदाराशी भांडू नका, संपादकांना पुराव्यासह लेखी खुलासा द्या. दाद मिळाली नाही तर वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून 2 महिन्यांची आहे, आणि संपादकांना पाठवलेल्या पत्राची प्रत सोबत लागते. वृत्तवाहिन्या कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत.