बाळंतपणानंतर लघवी निसटते? ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुन्हा बळकट कसे करावेत

शिंक आली, खोकला आला, बाळाला उचलायला वाकलात आणि लघवीचे दोन थेंब निसटले. बाळंतिणींना हा त्रास खूपदा होतो. घरात विचारले तर “होतंच असं, जाईल हळूहळू” असे उत्तर मिळते. काही जणींचा खरोखर जातो. पण तीन महिन्यांनंतरही थेंब निसटत असतील तर बऱ्याच जणींचा हा त्रास पुढे वर्षानुवर्षे टिकतो, आणि मग लांबचा प्रवास, लग्नघर, जोरात हसणेसुद्धा टाळले जाते. तो मुकाट सोसायचे कारण नाही. योग्य व्यायामाने बहुतेकींना फरक पडतो. अडचण एवढीच की तो व्यायाम अनेकजणी चुकीचा करतात.

पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणारी तीच, म्हणजे ओटीपोटाचा तळ. बाळ योनीमार्गातून येताना ती प्रचंड ताणली जाते. चिमटा लावून प्रसूती झाली असेल तर इजेची शक्यता आणखी वाढते. सिझर झालेल्यांनीही हे वाचावे, कारण नऊ महिन्यांचे वजन आणि गरोदरपणातल्या संप्रेरकांचा परिणाम त्यांच्याही स्नायूंवर झालेला असतो.

पहिले काही दिवस

प्रसूतीनंतर किंवा लघवीची नळी (कॅथेटर) काढल्यानंतर सहा तासांत लघवी झाली नाही, तर नर्सला सांगा. मूत्राशय फार ताणले गेले तर त्याची रिकामे होण्याची ताकद मंदावते. टाक्यांवर लघवी झोंबत असेल तर लघवी करतानाच वरून कोमट पाणी ओता. धुताना आणि पुसताना हात पुढून मागे न्या. सूज असेल तर बर्फ सुती कापडात गुंडाळून दहा मिनिटे ठेवा. थेट त्वचेवर लावू नका. शेक-शेगडीची पद्धत घरात असेल तर टाक्यांना आणि सिझरच्या जखमेला शेक देऊ नका. सिझरच्या कापाभोवती कातडी काही महिने बधिर असते, त्यामुळे चटका बसला तरी कळत नाही.

लघवीची नळी असेपर्यंत तळाचा व्यायाम करायचा नाही. नळी निघाली, लघवी नीट होऊ लागली, की दुखणार नाही इतपत हलके आवळणे सुरू करता येते. टाके आहेत म्हणून घाबरू नका. हलक्या हालचालीने तिथला रक्तप्रवाह सुधारतो.

नेमका स्नायू सापडला का?

पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, पावले जमिनीवर टेकवा. एक श्वास आत घ्या आणि पोट सैल सोडा. श्वास बाहेर सोडता सोडता चारचौघांत वारा सरू नये म्हणून गुदद्वार जसे आवळतो तसे आवळा, आणि ते आवळणे पुढे योनीमार्ग व लघवीच्या जागेपर्यंत न्या. आतून वर ओढल्यासारखे वाटले पाहिजे. मग सोडा. सोडल्यावर तळ पुन्हा खाली सैल झाल्याचे जाणवले पाहिजे.

खात्री करायची तर हातात आरसा घ्या. आवळल्यावर योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग आत-वर जायला हवा. तो बाहेर फुगत असेल तर तुम्ही आवळत नाही, कुंथत आहात. तसा व्यायाम रोज केला तर उलट नुकसान होते. नेहमीच्या चुका ओळखणे सोपे आहे: कुल्ले घट्ट होतात, मांड्या एकमेकींवर दाबल्या जातात, श्वास रोखला जातो, पोट पुढे येते. यातले काही होत असेल तर जोर अर्धा करा. थोडेच पण बरोबर आवळलेले कामाला येते.

लघवी करताना मध्येच धार रोखून सराव करू नका. हा सल्ला अजूनही ऐकायला मिळतो, पण त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही.

किती वेळा, किती वेळ

सुरुवातीला तीन सेकंद आवळा, सहा सेकंद पूर्ण सोडा. असे पाच वेळा, दिवसातून तीनदा. जमू लागले की दर आठवड्याला एखादा सेकंद वाढवा. आठ ते दहा सेकंद धरून, तितकाच वेळ सोडून, आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा इथपर्यंत पोहोचायचे आहे. प्रत्येक फेरीच्या शेवटी दहा झटपट आवळणी करा: एक सेकंद आवळा, एक सेकंद सोडा. शिंकेच्या वेळी हीच चपळाई लागते. आधी झोपून, मग बसून, मग उभे राहून सराव करा. उभे असताना वजनामुळे ते अवघड जाते, म्हणून घाईने तिथे जाऊ नका.

किमान तीन महिने नेटाने करावे लागते. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्या पुष्कळ असतात; स्नायूला बळ धरायला तेवढा वेळ लागतोच. विसरायला होत असेल तर बाळाला पाजायला बसण्याशी व्यायाम जोडून टाका.

याबरोबर एक सवय लावून घ्या. शिंक किंवा खोकला येणार असे वाटले, बाळ उचलायचे असले, की त्याच्या क्षणभर आधी तळ आवळा आणि ते काम होईपर्यंत धरून ठेवा. बऱ्याच जणींना पहिला फरक इथेच जाणवतो.

खालच्या बाजूला दाब वाढवणाऱ्या गोष्टी

पोटाला घट्ट पट्टा आवळून बांधला की पोट आत जाते असे वाटते. पण तो दाब जातो खाली, नेमका अशक्त झालेल्या तळावर. सिझरनंतर उठताना आधार म्हणून सैलसर पट्टा काही वेळ वापरायला हरकत नाही. श्वास अडेल इतका घट्ट नको.

बद्धकोष्ठ हे दुसरे मोठे कारण. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, तूप, भात असा आहार आणि त्यात “पाणी कमी पी, अंगात वारा धरेल” हा सल्ला, म्हणजे शौच कडक होणारच. पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते. दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी, भाज्या, फळे, डाळी द्यायलाच हव्यात. कमोडवर बसताना पायाखाली पंधरा-वीस सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्या, कोपरे गुडघ्यांवर टेकवा, तोंड उघडून श्वास सोडा, कुंथू नका. टाके असतील तर स्वच्छ पॅडने त्या जागेला पुढून आधार धरा. उकिडवे बसण्याची पद्धत शौचाला चांगलीच, फक्त टाके ओले असताना उठायला धरण्यासारखे काही जवळ हवे.

लघवी निसटते म्हणून पाणी कमी करू नका. गडद लघवीने मूत्राशयाला जळजळ होते आणि घाई वाढते. साधारण तीन तासांनी जा. घराबाहेर पडताना दर वेळी “उगीच एकदा” जायची सवय लागली की मूत्राशय थोड्याच लघवीला हाका मारू लागते.

सिझरनंतर पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका. भरलेली घागर, सिलिंडर, मोठ्या मुलाला कडेवर घेणे हे सगळे घरातल्या इतरांनी करायचे आहे. धावणे आणि उड्या निदान बारा आठवड्यांनंतर, तेही थेंब निसटत नसतील आणि खाली जडपणा नसेल तरच.

सहा आठवड्यांनंतर पोटाचे स्नायूही तपासा. पाठीवर झोपून बेंबीवर बोटे आडवी ठेवा आणि डोके किंचित उचला. मधल्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटे बसत असतील, किंवा पोटाचा मध्य उंचवट्यासारखा वर येत असेल, तर सिट-अप्स थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आवळायचे नाही, सैल सोडायचे

काही बाळंतिणींचे हे स्नायू अशक्त नसतात, सतत ताठलेले असतात. संबंधाच्या वेळी दुखणे, लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागणे, माकडहाड ठणकणे ही त्याची लक्षणे. त्यांनी वरचा व्यायाम केला तर दुखणे वाढते. त्यांच्यासाठी बालासन (गुडघ्यांवर बसून पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकवणे), पोटाने संथ श्वास आणि तळ सैल सोडण्याचा सराव आधी, बाकीचे तपासणीनंतर. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळेही योनीमार्ग कोरडा पडतो. त्यासाठी पाण्यावर आधारित वंगण मेडिकलच्या दुकानात मिळते.

थांबू नका, डॉक्टरांकडे जा

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे, १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, स्रावाला घाण वास, एका पोटरीला सूज व दुखणे, धाप, लघवी अजिबात न होणे, जांघांमधली संवेदना जाणे: यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी जा, धाप किंवा भरपूर रक्तस्राव असेल तर त्याच क्षणी. शौच किंवा वारा आवरत नसेल, अंग बाहेर आल्यासारखे वाटत असेल, खाली गोळा लागत असेल, तर लाजेपोटी महिने घालवू नका.

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या उपचारांचा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. आपल्याकडे सहा आठवड्यांच्या तपासणीला लघवीबद्दल बहुधा कोणी विचारत नाही, म्हणून विषय तुम्हीच काढा. स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा की पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे याच तळाच्या स्नायूंचे काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. तिथे हातमोजा घालून एका बोटाने आतून तपासणी करतात. ती तुमच्या संमतीनेच होते, सोबत कोणाला ठेवता येते आणि मध्येच नको म्हणता येते. जाण्याआधी तीन दिवसांची नोंद वहीत करून न्या: किती वाजता किती पाणी प्यायलात, किती वाजता लघवीला गेलात, कधी निसटली आणि त्या वेळी काय करत होतात. मापाचा जुना कप हाताशी असेल तर लघवीचे प्रमाणही मिलिलिटरमध्ये लिहा.