बातमीलेखन देण्यापूर्वी दोन जुनी उत्तरे दाखवा

दहावीच्या वर्गाला बातमीलेखन दिले की अनेक वह्यांत बातमीऐवजी निबंध येतो, कारण 'मुद्देसूद लिहा' एवढ्या सूचनेवरून नेमके काय हवे आहे, हे मुलांना उमगत नाही.

यासाठी मागील वर्षीची दोन उत्तरे, त्या विद्यार्थ्यांची परवानगी घेऊन आणि नावे झाकून, झेरॉक्स करून घ्यावीत. एक चांगले व एक मध्यम असावे, अगदी वाईट नको. गुण न सांगता ती जोडीजोडीने वाचायला द्यावीत आणि कोणते सरस व का, हे मुलांनाच विचारावे. एकाची सुरुवात 'आमच्या शाळेत खूप मजा आली' अशी असते, तर दुसऱ्यात शीर्षकाखाली स्थळ व दिनांक आणि पहिल्याच वाक्यात काय, कुठे, केव्हा घडले ते असते. हा फरक मुले स्वतः बोलून दाखवतात, तेव्हा तो माझ्या दहा सूचनांपेक्षा पक्का बसतो. त्यांच्याच शब्दांतले चार-पाच निकष फळ्यावर लिहावेत व वह्या तपासतानाही तेच लावावेत.

मात्र नमुना वृक्षारोपणाचा असेल, तर लेखनासाठी विज्ञान प्रदर्शनाचा विषय द्यावा आणि लेखन सुरू होण्यापूर्वी प्रती परत घ्याव्यात, नाहीतर वाक्येच्या वाक्ये वहीत उतरतात.